सात नंबर आणि आईचा गुडघा

आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना माझं काम समजावून सांगायचा नाद मी आता सोडला आहे. आधी सांगायचे. "कंपनीचे सर्व्हर असतात, ते नीट चाललेत का यावर लक्ष ठेवते," असं साध्यात साधं करून. त्यावर माकणीच्या आत्यानं विचारलं होतं, "म्हंजे मशिन आपली आपली चालती, आन् तू नुसती बघत बसतीस?" मी म्हणाले, व्हय. आत्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आईकडं वळून म्हणाली, "बरं हाय बाई. बसून हाय."

मला राग आला, पण आत्याचं फारसं चुकलंही नव्हतं.

त्यापेक्षा अण्णांचं सांगणं बरं. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या फाटकावर गेली. गाडी यायच्या आधी फाटक बंद करायचं, गेली की उघडायचं, आणि वहीत वेळ टाकून पुढं शेरा लिहायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी येडशीतच घर बांधलं, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, कारण गाडीचा आवाज कानावर पडल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. पाहुण्यांनी माझ्याकडं बघून "ही काय करती?" असं विचारलं की ते म्हणतात, "गेटवरच हाय ती बी. फकस्त हिच्या गाड्या दिसत न्हाईत."

गाड्या मात्र खरोखरच होत्या. आमची पुण्यातली कंपनी शाळेच्या बस कुठवर आल्यात हे पालकांना मोबाईलवर दाखवते. प्रत्येक बसमधलं यंत्र दर काही सेकंदांनी "मी इथं आहे" असं कळवतं, ते आमच्या सर्व्हरवर येतं, आणि दारात दप्तर घेऊन उभ्या असलेल्या आईला नकाशावर पिवळी बस पुढं सरकताना दिसते. असे सात लिनक्स सर्व्हर माझ्याकडं होते. सहा गुणी होते. सातव्यावर सगळ्यात जास्त बसचा भार, त्याला आम्ही नुसतं सात नंबर म्हणायचो.

सर्व्हर दमलाय की नाही हे ओळखायची एक खूण आहे, पार युनिक्स नावाच्या जुन्या संगणक प्रणालीच्या काळापासून चालत आलेली. तिला लोड म्हणतात. पिठाच्या गिरणीसमोर डबे रांगेत लावलेले असतात ना, तसं समजा. गिरणीत चार चक्क्या आणि रांगेत चार डबे, तर सगळं सुरळीत. चाळीस डबे झाले की गिरणीवाला खेकसायला लागतो आणि रांगेतल्या बायका एकमेकींची उणीदुणी काढतात. लोड म्हणजे एवढंच, आत्ता किती डबे लागलेत. सात नंबरला चार चक्क्या होत्या.

तर एप्रिलच्या शेवटी आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बार्शीला. वाटी बदलली. मी एकुलती एक, शिवाय बिनलग्नाची, तेव्हा मीच येणार हे उघड होतं. माझ्या पुण्यातल्या साहेबिणीला, म्हणजे मॅडमना, मी विचारलं की काही महिने येडशीहून काम करू का. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाल्या. फक्त शेवटी एक वाक्य जोडलं, "तिकडं बसून लक्ष राहील ना?"

ते वाक्य माझ्या पायात काट्यासारखं मोडलं. लक्ष राहील ना म्हणजे काय! मी मनाशी ठरवलं, असं लक्ष ठेवीन की पुण्यात बसलेल्यांनी तोंडात बोटं घालावीत.

येडशीला आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मी सात नंबरवर एक स्क्रिप्ट बसवली. स्क्रिप्ट म्हणजे मशीनसाठी लिहून ठेवलेली कामांची चिठ्ठी. ठरल्या वेळी मशीन ती वाचतं आणि सांगितलंय तसं करतं. माझी चिठ्ठी अशी होती: दर अर्ध्या मिनिटानं लोड बघ. वाढलेला दिसला की गप्प बसू नको, पूर्ण तपासणी कर. मेमरी बघ, डिस्क बघ, दिवसभरात काय काय घडलं त्याची सगळी नोंद पहिल्या ओळीपासून वाचून काढ, रांगेत कोण कोण उभं आहे त्याची यादी कर आणि मला पाठव. ती यादी सुटसुटीत दिसावी म्हणून मी एक बारीकशी सोयही करून ठेवली. माझ्या स्वतःच्या तपासण्या यादीतून वगळायच्या. घरच्या माणसांना कशाला मोजायचं?

मे महिना होता. शाळांना सुट्ट्या, बस उभ्या, सात नंबर पाय पसरून आडवा. माझी स्क्रिप्ट दर अर्ध्या मिनिटानं त्याला विचारायची, तो म्हणायचा बरं आहे. मी दिवसातून तीन वेळा मॅडमना मेल टाकायचे, सगळं ठीक. काय सुखाचे दिवस होते!

घरात मात्र गर्दी वाढत होती. आमच्याकडं कुणी आजारी पडलं, कुणाचं ऑपरेशन झालं, की बघायला जावं लागतं. नाही गेलं तर पुढची वीस वर्षं ऐकून घ्यावं लागतं, "म्या पडले तवा डोकावली बी न्हाय." आणि या कामात माझी आई आख्ख्या येडशीत एक नंबर. कुणाला सलाईन लावलंय एवढं कानावर पडायचा अवकाश, ही पहिल्या एसटीनं निघालीच. बार्शी, कळंब, वाशी, कुठंही. पिशवीत ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा आणि एक शहाळं. पेशंट झोपलेला असला तर त्याला उठवून विचारणार, "झोप लागती का?" असं तिनं तीस वर्षं केलं. आता ती आडवी झाल्यावर त्या तीस वर्षांतले सगळे पेशंट, म्हणजे जे वाचले ते, एकामागून एक आमच्या दारात उभे राहायला लागले. कुणाला नको म्हणायला तोंडच नव्हतं.

प्रत्येक जण येऊन खुर्ची पलंगाशी ओढायचा आणि विचारायचा, "आता कसं वाटायलंय?"

आई म्हणायची, "दुखायलंय की."

मग तो आपल्या जावेच्या भावाचा किंवा साडूच्या मेव्हणीचा गुडघा बाहेर काढायचा. ते गुडघे कधीच नीट झालेले नसायचे. मग चहा. मग "काळजी घ्या, विश्रांती घ्या" असं सांगून तासाभरानं उठायचा, आणि चपला घालता घालता पुढचा आत शिरायचा. कपाटावर बिस्किटांच्या पुड्यांची थप्पी छताला टेकत आली होती.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, गुडघा छान आहे, पण बीपी जरा जास्त दिसतंय, घरी मोजून लिहून ठेवा. झालं! अण्णांना तेवढंच पाहिजे होतं. त्या संध्याकाळी ते बाजारातून दंडाला गुंडाळायचा पट्टा असलेलं मशीन आणि पुठ्ठ्याची लांब वही घेऊन आले. पट्टीनं रकाने आखले. वेळ, वरचं, खालचं, पाहुणे किती, आणि शेवटी शेरा. पाहुणा उठला की अण्णा पट्टा गुंडाळायचे. पाहुणा नसला तर पाहुणा यायच्या आधीचं कळावं म्हणून गुंडाळायचे. निवृत्तीनंतर त्यांचा चेहरा इतका तुकतुकीत मी पाहिला नव्हता.

आणि मोजता मोजता ते पाहुण्यांना आपली फाटकाची गोष्ट सांगायचे. कुठलं फाटक ते कधी सांगत नाहीत, पण तिथं म्हणे एक नवा साहेब आला होता. गाडीची वेळ झाली की फोन करून विचारायचा, फाटक बंद झालं का. फोन गुमटीत, म्हणजे फाटकवाल्याच्या खोलीत, आणि फाटक फिरवायचं चाक बाहेर. अण्णा चार फेरे फिरवतात न फिरवतात तोच घंटी. चाक सोडून आत पळायचं. "झालं का बंद?" "करायलोय साहेब." परत बाहेर, चार फेरे, परत घंटी. "अजून न्हाय?" शेवटी अण्णा त्याला म्हणाले, "साहेब, तुमी इचारायचं थांबलात की हुतंय बगा." पाहुणे हसायचे. मी ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. वडलांच्या गोष्टी आपण ऐकतो तशीच, म्हणजे न ऐकता.

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या आणि सात नंबरनं मान टाकली. रोज सकाळी सातला बस रस्त्यावर आल्या की पाच-दहा मिनिटांत त्याचा लोड चढायचा. चार चक्क्यांसमोर तीस डबे, पन्नास डबे. नकाशावरच्या पिवळ्या बस एका जागी थिजायच्या. बस खरी दारात येऊन निघून जायची आणि मोबाईलवर अजून दोन चौक मागंच असायची. पालकांचे फोन पुण्याच्या ऑफिसात, आणि ऑफिसचा फोन मला. आठ वाजले की सगळं आपोआप शांत. दुपारी शाळा सुटायच्या वेळी परत तेच.

माझ्या स्क्रिप्टनं पाठवलेली यादी मी रोज बघायचे. रांगेत सात-आठ कामं, सगळी बसची, सगळी साधी. एवढ्याशा रांगेनं लोड पन्नासवर कसा जातो? मी चिडले. मग अर्ध्या मिनिटाऐवजी दर दहा सेकंदांनी बघायला लावलं. दुसऱ्या दिवशी लोड आणखी वर. मी आणखी चिडले, आणि तपासणीत आणखी दोन गोष्टी वाढवल्या. तिसऱ्या दिवशी पुण्यातल्या अर्ध्या शाळांच्या बस मोबाईलवर म्हणे अजून डेपोतच उभ्या दिसत होत्या.

मॅडमचा फोन आला. त्या कधी आवाज चढवत नाहीत, तेच वाईट. "तिकडच्या नेटमुळं होतंय का हे?"

"नेटचा काय संबंध?" मी उसळले. "सर्व्हर कुठं, माझं नेट कुठं!"

"तू तिकडं गेलीस आणि हे सुरू झालं, एवढंच मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "सोमवारच्या मीटिंगमध्ये कारण सांग. नाही सापडलं तर इकडं ये. सगळे मिळून बसून शोधू."

इकडं ये म्हणजे काय ते मला कळत होतं. एकदा गेले की परत येडशीहून काम करायला कुणी देणार नव्हतं. आणि आईचा गुडघा तर अजून हटत नव्हता. ऑपरेशनला सहा-सात आठवडे झाले, डॉक्टर म्हणत चाला, आणि मी तासातासाला विचारलं तरी तिचं एकच उत्तर, "दुखायलंय गं." मी गेले तर तिचं कोण करणार? अण्णांना चहापलीकडं काही येत नाही, हा माझा आजवरचा समज. तसं त्यांनी अलीकडं मला चकित केलं होतं. सकाळच्या गोंधळातून मी नऊला खोलीबाहेर येईपर्यंत ओट्यावर भाजी तयार असायची, उखळात शेंगदाण्याची चटणी कुटलेली असायची, आणि चव हुबेहूब आईच्या हातची. "अण्णा, तुम्ही कधी शिकलात?" म्हटलं की ते वहीत डोकं घालायचे. पण चटणी कुटणं वेगळं आणि आईला धरून चालवणं वेगळं. मला खरंच भीती वाटायला लागली होती.

शुक्रवारी माकणीची आत्या आली. एकटी नाही, जीप भरून. नऊ माणसं, त्यांतल्या चौघांनी आईला याआधी कधी पाहिलंही नव्हतं. नवांनी नऊ वेळा विचारलं, आई नऊ वेळा दुखायलंय म्हणाली, दोन पातेली चहा झाला. ती जीप फाट्याकडं वळली तशी अण्णांनी पट्टा काढला. आकडा बघून त्यांनी भुवया वर केल्या आणि परत एकदा मोजलं. आकडा आणखी वर. त्यांनी तिसऱ्यांदा पट्टा गुंडाळला, आणि मी दारात उभी राहून म्हणाले, "आई, आता कसं वाटतंय?"

आईनं दंडावरचा पट्टा ओरबाडून पलंगावर फेकला.

"पाव्हणे बरे!" ती म्हणाली. "घडीभर बसतेत आन् जातेत. तुमी दोघं हायच की उशाला! हे पट्टा घिऊन हुबे, तू दारातनं इचारायलीस. त्या वहीत आत्या लिहिलीया, शेजारीण लिहिलीया, कोण कुठली नव माणसं लिहिलीत. तुमचं दोघांचं कुठं लिहिलंय? दावा की!"

अण्णा दुखावले. "आमी काय पाव्हणे हाव का?" म्हणाले. पण वही उघडून बघायला लागले. मीही वाकून पाहिलं. पाहुण्यांच्या रकान्यात कितीतरी ठिकाणी शून्य होतं आणि त्याच ओळीत आकडा चढलेला. घरात कुणी आलेलं नाही, फक्त आम्ही दोघं. आणि आम्हाला कुणी मोजलेलंच नाही.

घरच्या माणसांना कशाला मोजायचं.

मी तशीच आतल्या खोलीत पळाले. दुपारची वेळ होती, शाळा सुटत होत्या, सात नंबर धापा टाकत होता. मी माझ्या यादीतली ती वगळायची एक ओळ खोडली आणि यादी परत मागवली. आधी सात-आठ कामं दिसायची. आता स्क्रीनवर मावेनात. खाली सरकवत राहिले तरी संपेनात. साठाच्या वर तपासण्या रांगेत उभ्या, आणि प्रत्येकीपुढं मालक म्हणून एकच नाव, माझं.

मग सगळं उलगडलं, आणि इतकं सोपं होतं की मला घाम फुटला. सकाळी बस निघाल्या की लोड जरासा वाढणार, ते साहजिकच. तो वाढला की माझी स्क्रिप्ट पूर्ण तपासणी सुरू करणार. दिवसभराची नोंद पहिल्या ओळीपासून वाचणं हे जड काम, त्यानं लोड आणखी वाढणार. दहा सेकंदांनी दुसरी तपासणी येणार, वाढलेला लोड बघणार आणि पहिलीचं काम उरकलंय का हे न विचारता तीही खुर्ची ओढून बसणार. मग तिसरी. साठ जणी सात नंबरच्या उशाशी बसून एका सुरात, आता कसं वाटायलंय? आणि "मी इथं आहे" एवढंच सांगायला आलेल्या बिचाऱ्या बसला दारातून आत यायला जागा नाही. मे महिन्यात हे कळलं नाही, कारण तेव्हा तो झोपलेलाच होता. जूनमध्ये जितका तो दमला तितकं मी जास्त विचारलं.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. अण्णा मागून आले. मी त्यांना सगळं सांगितलं, डबे आणि चक्क्यांसकट. ते शेजारी टेकले. मग म्हणाले, "म्हंजे तो फोन करणारा साहेब तूच."

"तुम्हीपण," मी म्हणाले.

"म्या बी," अण्णा म्हणाले, आणि बिस्किटाचा एक पुडा फोडून माझ्यापुढं धरला.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा होती. सात वाजायच्या आत मी स्क्रिप्ट बंद केली. आता खरी परीक्षा माझी होती, कारण बंद केलेल्या डोळ्यांनी बसायचं होतं. पाच मिनिटांत माझा हात तीनदा लॅपटॉपकडं गेला. अण्णा समोर बसले होते. "हात मांडीखाली घाल," म्हणाले. मी खरंच घातले. फोन वाजला नाही. सव्वासातला एकदा, फक्त एकदा, बघितलं. चार चक्क्या, तीन डबे. बस एकामागून एक सरकत होत्या. मी मांडीखालचे हात काढून अण्णांचे पाय धरले, तर ते म्हणाले, "हे काय, येडी का खुळी!"

त्याच दिवशी मी स्क्रिप्ट नव्यानं लिहिली. पाच मिनिटांतून एकदा यायचं. आधीची आत असेल तर दारातूनच परत जायचं. आणि यादीत स्वतःचं नाव आधी घालायचं. अण्णांनी हेच कायदे घराला लावले. मोजणं सकाळ-संध्याकाळ. पाहुण्यांनी चार ते पाच. त्यांनी माळ्यावरून नोकरीतले जुने लाल आणि हिरवे झेंडे काढले आणि ओसरीत खुर्ची टाकून बसले. आत कुणी असलं की लाल. आई कपाळावर हात मारून घेत होती, "लोक काय म्हणतील!" पण लोकांना त्याची अशी गंमत वाटली की दोघी-तिघी जणी नुसता झेंडा बघायला येऊन गेल्या. आणि मी, दिवसभरात तोंडावर शंभर वेळा आलेला प्रश्न गिळला. रविवारी संध्याकाळी आईचं बीपी महिन्याभरात पहिल्यांदा डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या खाली आलं.

राहिली सोमवारची मीटिंग. आमच्या धंद्यात अशा वेळी बोलायची एक भाषा असते, तिच्यात कुणाचीच चूक नसते. "एक प्रोसेस अडकत होती, ती दुरुस्त केली." झालं, सगळे खूश, वर शाबासकी. मी तसं वाक्य लिहूनही ठेवलं होतं. खरं सांगितलं तर मॅडम म्हणणार, पाहिलंस ना, तिकडं बसून हेच होतं. बॅग भर. मी अण्णांना विचारलं, काय करू. त्यांनी वहीवरून मान वर केली नाही. "टाइम चुकला तर खाडाखोड चालती," म्हणाले. "शेरा खोटा लिव्हायचा न्हाय."

म्हणून मग खरं सांगितलं. मीच लावलेली स्क्रिप्ट, मीच वाढवलेली, आणि मीच स्वतःला यादीतून वगळलेलं.

"दर दहा सेकंदांनी?" मॅडम म्हणाल्या.

"हो."

कुणीतरी माइक बंद करायला विसरलं होतं, ते फिस्सकन हसलं.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "कारण सापडलं, आणि तिथं बसून सापडलं. मग तिथंच राहा."

मला धड विश्वास बसेना. "आई बरी झाल्यावर येते परत," मी घाईनं म्हणाले.

"आईंचा इथं काय संबंध? काम होतंय, राहा. फक्त मला दिवसाला तीन तीन मेल टाकू नकोस. काही झालं तर कळव."

माझे कान तापले. म्हणजे मॅडमच्या उशाशीही मीच बसलेली होते.

मीटिंग संपवून मी बाहेर आले. आई पलंगावर पाय लांब करून बसली होती, अण्णा खुर्चीत वही घेऊन. दोघंही माझ्याकडं बघत होते आणि दोघंही विचारत नव्हते. शनिवारपासूनचा कायदा.

"राहा म्हणाल्या," मी सांगितलं.

"किती दिस?" आईनं विचारलं. तिचा हात गुडघ्यावर गेला होता. "अजून लई दुखायलंय म्हणून सांग त्यास्नी."

"गुडघ्याचा संबंध नाही म्हणाल्या. बरा झाला तरी इथूनच काम करायचं."

"बरा झाला तरी?"

"तरी."

आईनं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी छताकडं पाहिलं. मग आईनं अंगावरची चादर बाजूला केली, दोन्ही पाय खाली टेकवले, उठली, आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या काठीकडं ढुंकूनही न बघता ताडताड चालत स्वयंपाकघरात गेली. आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला.

"चटणी काय तुझा बाप कुटत हुता व्हय?" ती आतून म्हणाली. "दिसातनं ईस येळा खोटं बोलायचं म्हंजे, बीपी चढंल न्हाय तर काय!"

मी लक्ष ठेवायचा पगार घेते. आणि माझ्या डोळ्यांदेखत इतके दिवस हे चाललं होतं. मी अण्णांकडं वळले. ते एवढंसं तोंड करून बसले होते. त्यांनी ती लांब वही माझ्याकडं सरकवली. मी ती रोज बघायचे, पण फक्त आकडे. शेऱ्याचा रकाना मी कधी वाचलाच नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून रोज, अण्णांच्या गोल फाटकवाल्या अक्षरात, एकच नोंद होती. "ओट्यापर्यंत चालली. दुखत नाही. पोरीला सांगू नये, जाईल."

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं, आणि दोन्ही मी आवरलं नाही. आईनं आतून विचारलं, काय झालं गं. मी म्हणाले, काही नाही, चहा टाक.

अण्णांनी वही परत घेतली. घड्याळात बघून वेळ टाकली. वरचं, खालचं रिकामं सोडलं. पाहुण्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं, मग थोडा विचार करून ते खोडलं आणि दोन लिहिलं. शेवटी शेरा लिहून त्यांनी वही माझ्यासमोर धरली.

"चालली. पोरीनं पाहिलं."